रिकामी टाकी, मोकळे रान

ज्यांनी जुन्या चेतक किंवा लॅम्ब्रेटा स्कूटरवरून संसाराचा गाडा ओढला आहे, त्यांना 'रिझर्व्ह' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. चढावर इंजिन खोकू लागे, गाडी आचके देई, मागे बसलेली मंडळी 'काय झाले?' म्हणून विचारीत, आणि चालक वाकून एक खुंटी फिरवी. गाडी पुन्हा सुरळीत. पेट्रोल पंपापर्यंतचे अंतर पदरात पडे. तेही संपले तर गाडी एका बाजूला आडवी करून टाकीच्या कोपऱ्यातले चार थेंब खाली आणायचे, आणि त्यावरही जमले नाही तर ढकलायची. ढकलताना ओळखीचे कोणी भेटू नये, एवढीच प्रार्थना. पेट्रोल संपल्याची शिक्षा आपल्याकडे एवढीच: थोडा घाम आणि थोडी लाज.

लहान खाजगी विमानात अशी खुंटी बहुधा नसते. राखीव साठा असतो, पण तो टाकीत वेगळा काढून ठेवलेला नसतो. तो वैमानिकाच्या हिशेबात असतो. अमेरिकेतील नियमाप्रमाणे, डोळ्यांनी बाहेर पाहून करावयाच्या उड्डाणात मुक्कामी पोहोचल्यानंतरही दिवसा ३० मिनिटे आणि रात्री ४५ मिनिटे उडता येईल एवढे इंधन घेऊनच निघावे लागते. नियम उत्तम आहे. मात्र टाकीतल्या त्या शेवटच्या तीस मिनिटांना काही वेगळा रंग नसतो. पहिल्या थेंबासारखाच शेवटचा थेंबही जळतो, आणि त्यानंतर पंख्याचा आवाज थांबतो.

कला शाखेच्या वार्षिक अंकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. मराठी माणसाने विमानाविषयी लिहावयाचे ते फार तर पुष्पक विमानाविषयी, अशीही एक समजूत आहे. शिवाय खाजगी विमान हा श्रीमंतांचा शौक. त्यांच्या टाकीत किती आहे याची चिंता आपण का वाहावी? यावर माझे म्हणणे असे की, लहान विमाने आता केवळ शौकिनांची राहिलेली नाहीत. बारामती, धुळे, गोंदिया येथे वैमानिक घडविले जातात आणि त्यांतले कित्येक तुमच्या-आमच्या घरांतले असतात. बापाने जमीन गहाण टाकून किंवा बँकेचे कर्ज काढून पाठविलेले. ही मुले पहिले शेकडो तास एका इंजिनाच्या विमानातच काढतात. दुसरे असे की, या विषयात यंत्राचा भाग थोडा आणि माणसाचा भाग फार आहे. माणसाचा भाग आला की तो आपल्या शाखेचा झाला.

किती फार, ते पाहा. अमेरिकेतील विमान-अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ साली एक सूचनापत्र काढले. २०११ ते २०१५ या काळात त्या देशात इंधनाच्या व्यवस्थेतील चुकांमुळे लहान विमानांचे दर वर्षी सरासरी ५० हून अधिक अपघात झाले, असे त्यात म्हटले आहे. त्यांपैकी ९५ टक्के चौकशांमध्ये माणसाची चूक कारणीभूत किंवा साहाय्यभूत ठरली. इंधनयंत्रणाच बिघडल्याची उदाहरणे पाच टक्क्यांहूनही कमी. या वैमानिकांपैकी जवळजवळ निम्मे व्यावसायिक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा परवाना असलेले होते आणि शिकाऊ अगदी थोडे. बहुतेक अपघात दिवसाढवळ्या, स्वच्छ हवेत झाले. म्हणजे नवशिका पोरगा वादळात सापडला, असे हे चित्र नाही. जाणता माणूस, निरभ्र आकाश, आणि टाकी कोरडी.

या अपघातांचे दोन प्रकार मानतात. पहिल्यात इंधन खरोखरच संपते. मंडळाच्या आकड्यांत हे ५६ टक्के. दुसऱ्यात इंधन विमानात असते, पण इंजिनापर्यंत पोहोचत नाही. हे ३५ टक्के. कोठी धान्याने भरलेली आणि पानात काही नाही, असा हा दुसरा प्रकार. पहिल्याला निदान गरिबीचे कारण असते. दुसऱ्यात विमान पडल्यावर पंख उघडून पाहिला तर त्यात तासभर पुरेल एवढे पेट्रोल डुचमळत असते.

हे कसे घडते, ते समजण्यासाठी दोन लोकप्रिय विमानांची तुलना पुरेशी आहे. सेस्ना १७२ हे जगात सर्वांत अधिक संख्येने तयार झालेले विमान. त्याचे पंख डोक्यावर असतात, टाक्या पंखांत असतात, आणि पेट्रोल आपल्याच वजनाने खाली इंजिनाकडे वाहते. तेथील नळाच्या खुंटीला डावी, उजवी, दोन्ही आणि बंद अशा चार जागा आहेत. खुंटी 'दोन्ही'वर ठेवली की विसरले तरी चालते. पायपर चेरोकीचे पंख मात्र खाली असतात. पेट्रोल पंपाने वर ओढावे लागते, आणि दोन्ही टाक्या एकदम जोडल्या तर एक रिकामी होताच पंप त्यातून हवा ओढू लागेल. म्हणून तेथे 'दोन्ही' ही जागाच नाही. डावी नाही तर उजवी. वैमानिकाने अर्ध्या-अर्ध्या तासाने आठवणीने टाकी बदलावयाची. माणूस तोच, त्याची स्मरणशक्ती तीच. एका विमानात तिची परीक्षा होत नाही, दुसऱ्यात दर अर्ध्या तासाला होते. परीक्षा म्हटली की कोणीतरी नापास होणारच, हे महाविद्यालयात शिकणाऱ्यांना आणि शिकविणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

जॉन डेन्व्हर हे नाव आपल्याकडे गिटार वाजविणाऱ्या मुलांना आजही ठाऊक असते. 'टेक मी होम, कंट्री रोड्स' हे १९७१ सालचे त्याचे गाणे स्नेहसंमेलनात अजूनही ऐकू येते. हा गायक हौशी वैमानिक होता. २,७०० तासांहून अधिक उड्डाण त्याच्या नावावर होते. १९९७ च्या ऑक्टोबरात त्याने एक जुने, कोणा हौशी माणसाने घरी बांधलेले लाँग-ईझेड जातीचे विमान घेतले. आराखडा बर्ट रुटान या नामांकित रचनाकाराचा. आराखड्यात टाकी बदलण्याची खुंटी वैमानिकाच्या समोर, दोन पायांच्या मध्ये होती. परंतु बांधणाऱ्याला पेट्रोलची नळी वैमानिकाच्या कोठडीत आणावयाची नव्हती. त्याने ती खुंटी मागे, वैमानिकाच्या डाव्या खांद्यापाठीमागे बसविली. हेतू वाईट नव्हता. पेट्रोल माणसापासून दूर असावे, एवढाच होता.

खुंटीवर डावी-उजवी अशी खूण नव्हती. टाकीतली पातळी दाखविणाऱ्या काचा मागच्या बाजूला होत्या आणि त्यांवरही आकडे नव्हते. उड्डाणापूर्वी डेन्व्हर आणि तेथील तंत्रज्ञ यांच्यात याबद्दल बोलणे झाले होते. खुंटी जड फिरत होती. पकड लावून ती लांबविता येईल का, हेही पाहून झाले; जमले नाही. मागच्या काचा दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्याला एक लहान आरसा दिला. पेट्रोल भरावयाचे का, असे विचारल्यावर त्याने नको म्हटले. तासभरच तर उडावयाचे होते. १२ ऑक्टोबर १९९७ च्या सायंकाळी तो कॅलिफोर्नियातील माँटेरे येथून एकटा निघाला, तीन वेळा धावपट्टीला चाके टेकवून पुन्हा वर गेला, आणि मग समुद्रावर आला. थोड्याच वेळात ते विमान किनाऱ्याजवळ पाण्यात कोसळले. तो ५३ वर्षांचा होता.

चौकशी करणाऱ्यांनी तसल्याच विमानात बसून ती खुंटी फिरविण्याचा प्रयत्न केला. आधी दांड्यावरचा हात सोडावयाचा, खांद्याचा पट्टा सैल करावयाचा, कमरेतून अंग पूर्ण डावीकडे वळवावयाचे, मग हात मागे न्यावयाचा. आणि असे वळताना आधारासाठी उजवा पाय नकळत पुढे रेटला जातो. तो पाय असतो सुकाणूच्या उजव्या पायडीवर! म्हणजे इंधन बदलावयाला वळावे आणि विमानाने आपोआप एका बाजूला कलंडावे, अशी ती रचना झाली होती. मंडळाने निष्कर्षात वैमानिकाचे लक्ष विचलित होणे, पायडी नकळत दाबली जाणे आणि उड्डाणापूर्वीची अपुरी तयारी ही कारणे दिलीच. पण खुंटी अडचणीच्या जागी आणि खुणेवाचून बसविण्याचा बांधणाऱ्याचा निर्णयही त्यांच्या जोडीने नोंदविला.

येथेच माझा मुख्य मुद्दा आहे. 'वैमानिकाची चूक' हे दोन शब्द लिहून फाइल बंद करणे सोपे असते, आणि ९५ टक्क्यांचा आकडा हाताशी असला म्हणजे तर फारच सोपे. आकडा खोटा नाही. डेन्व्हरने पेट्रोल भरून घेतले असते तर तो त्या संध्याकाळी घरी गेला असता, हेही खरे. पण माणूस विसरणार, घाई करणार, तासभराचाच प्रश्न आहे म्हणून चालवून घेणार, हे खुंटी बसविणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते. ठाऊक असून जो ती खांद्यामागे बसवितो, त्याचाही वाटा त्या चुकीत आहे. स्वयंपाकघरात मिठाचा आणि साखरेचा असे दोन सारखेच डबे शेजारी ठेवावेत आणि खीर खारट झाली की सुनेला बोल लावावा, त्यातलाच हा न्याय.

आता कोणी म्हणेल, टाकी काठोकाठ भरूनच निघावे, कटकट मिटली. तेथेही गोम आहे. सेस्ना १७२ च्या अलीकडच्या नमुन्यात वापरता येण्याजोगे सुमारे २०० लिटर पेट्रोल मावते. त्याचे वजन १४४ किलोंच्या आसपास. माणसे, सामान आणि पेट्रोल मिळून ते विमान साधारण ४०० किलो उचलू शकते. ७५ किलोंची चार माणसे बसविली की ३०० किलो झाले. उरलेल्या १०० किलोंत भरलेली टाकी बसत नाही. म्हणजे चार खुर्च्या आहेत आणि मोठी टाकीही आहे, पण दोन्ही एकाच वेळी पूर्ण भरता येत नाहीत. अशा वेळी खुर्चीतला माणूस उतरवावा की टाकीतले पेट्रोल? माणूस मेहुणा असतो, पेट्रोल मुके असते. कोण मागे राहते, हे सांगावयास नकोच.

मग वाऱ्याचा हिशेब. ताशी १०० मैल वेगाचे विमान २०० मैलांवरच्या गावी जाऊन परत यावयाचे आहे. हवा स्थिर असेल तर चार तास. आता जाताना पाठीमागून ताशी २० मैल वारा आहे, येताना तोच समोरून. जाताना मिळाले ते येताना गेले, हिशेब बरोबर, असे आपण सहज म्हणू. प्रत्यक्षात जावयाला १ तास ४० मिनिटे लागतात आणि यावयाला अडीच तास. एकूण ४ तास १० मिनिटे. कारण अनुकूल वारा थोडा वेळ मिळतो आणि प्रतिकूल वारा जास्त वेळ सोसावा लागतो. वारा ताशी ४० मैल असेल तर हाच प्रवास पावणेपाच तासांवर जातो. चार तासांत तीस मिनिटांची शिल्लक टाकून निघालेला माणूस घराच्या अलीकडेच कोठेतरी असतो.

काट्याकडे पाहावे, तर काटाही तेवढासा भरवशाचा नाही. पंखातली टाकी परातीसारखी उथळ आणि पसरट. तिच्यात दांड्यावरचा तरंगता गोळा. विमान कललें की पेट्रोल एका कडेला जाते आणि काटा भलतेच बोलू लागतो. कायदा त्याच्याकडून एक गोष्ट कटाक्षाने मागतो: सरळ उड्डाणात वापरण्याजोगे इंधन शून्य झाले की काट्याने शून्य दाखवावे. म्हणून जुने शिक्षक सांगतात की पंखावर चढ, झाकण उघड, पट्टी बुडवून पाहा आणि मग घड्याळावर विश्वास ठेव. झाकण पुन्हा घट्ट बसव, तळाचे थोडे पेट्रोल काढून त्यात पाणी आहे का ते बघ, हेही त्यात आलेच.

पट्टी बुडवूनही घोटाळा होतो, त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण लहान विमानाचे नाही, पण येथे सांगितलेच पाहिजे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे नवेकोरे बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. इंधनाचे काटे बंद होते, म्हणून पट्टीने मोजमाप झाले. कॅनडात तेव्हा पौंड जाऊन किलो येत होते. विमानाला हवे होते २२,३०० किलो. लिटरचे वजन करताना किलोच्या ०.८ ऐवजी पौंडाचा १.७७ हा गुणक धरला गेला आणि भरले गेले २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आल्याची घंटा वाजली, आणि पाठोपाठ दोन्ही इंजिने मुकी झाली. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर शेर-मण जाऊन किलो आले तेव्हा आमच्या आज्या कित्येक वर्षे दोन्ही हिशेब एकदम करीत; त्यांतली एखादी त्या विमानतळावर असती तर आकडे पाहून 'एवढेसेच?' म्हणून तिने हटकले असते.

बाकीची गोष्ट मात्र लहान विमानांच्या बाजूची आहे. कॅप्टन बॉब पिअर्सन सुट्टीच्या दिवशी बिनइंजिनाची ग्लायडर उडवीत. गिमली येथील जुन्या लष्करी धावपट्टीकडे येताना ते भलेमोठे विमान फार उंच राहिले होते. पिअर्सननी ते ग्लायडरसारखे तिरके धरून, हवेला आडवे करून उंची खाली आणली. त्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीसाठी माणसे जमलेली होती. पुढचे चाक दुमडले, विमान नाकावर घसरले. आतील ६९ माणसांपैकी कोणालाही गंभीर इजा झाली नाही. सुट्टीचा शौक कामाच्या वेळी उपयोगी पडला, तो असा.

हिशेब चुकला हे कळल्यानंतरही बहुतेक वेळा थोडा अवधी असतो. त्या अवधीत जे घडते किंवा घडत नाही, तेच मला सर्वांत अस्वस्थ करते. २५ जानेवारी १९९० रोजी आव्हियांका कंपनीचे बोइंग ७०७ कोलंबियाहून न्यूयॉर्कला आले. हवा खराब होती; त्याला तीन ठिकाणी मिळून ७७ मिनिटे घिरट्या घालावयास लावले. सहवैमानिकाने नियंत्रकांना इंधन कमी असल्याचे सांगितले, 'प्रायॉरिटी' हा शब्दही वापरला; पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नाही. पलीकडच्याने सभ्यपणे ऐकून घेतले आणि सभ्यपणे रांगेत ठेवले. विमान लाँग आयलंडवर पडले. १५८ पैकी ७३ माणसे गेली. आग लागली नाही, कारण जळावयाला काही उरलेच नव्हते. पुढे २०१२ साली आंतरराष्ट्रीय नियमांत या प्रसंगासाठीचे नेमके शब्दच ठरवून देण्यात आले. परक्या भाषेत, वरिष्ठाशी, संकोचाने बोलणारा माणूस 'मला आत्ता मदत हवी' असे न म्हणता 'जमले तर बघा' असे म्हणतो. आपण हे रोज पाहतो. दवाखान्यात पाहतो, कचेरीत पाहतो, वर्गात तर पाहतोच.

एकट्याने उडणाऱ्याचा संकोच आणखी निराळा. खाली एक छोटी धावपट्टी दिसते आहे. उतरावे, पेट्रोल घ्यावे, निघावे. पण तेथे पेट्रोल असेल ना? उशीर होईल. घरी वाट पाहत असतील. ताशी भाड्याने घेतलेल्या विमानाचे मीटर चालूच आहे. आणि हँगरमधली मंडळी काय म्हणतील? 'काय राव, वाटेत उतरलात?' हे वाक्य हसत म्हटलेले असते, पण ते ऐकावयास लागू नये म्हणून माणसे पन्नास मैल पुढे जातात. स्कूटर ढकलताना वाटणारी लाज ती हीच. वर गेली की तिची किंमत वाढते एवढेच. जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमान मुंबईच्या जुहूला आणले, तेव्हा अहमदाबादेस त्यांच्यासाठी पेट्रोलचे चार-चार गॅलनचे डबे बैलगाडीतून आले होते. त्यात कोणाला कमीपणा वाटल्याचे ऐकिवात नाही.

समजा, शेवटी इंजिन थांबलेच. तरीही लहान विमान दगडासारखे पडत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सेस्ना १७२ योग्य वेग राखून एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जाते. तीन हजार फुटांवर इंजिन थांबले तर सुमारे पाच मैल जाता येते आणि हाताशी चारेक मिनिटे असतात. हजार फुटांवर असाल तर सव्वा मिनिट. या वेळात करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांतली पहिलीच माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे: नाक खाली ठेवावयाचे. जमीन वर येताना दिसली की हात आपोआप दांडा मागे ओढतो, म्हणजे विमान जरा लांब जाईल असे वाटते. होते उलट. वेग उतरतो, पंख हवा धरीनासे होतात आणि मग ते विमान खरोखरच दगड होते. उड्डाण केल्याबरोबर इंजिन बंद पडले की मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह होतो, तोही याच जातीचा. पुरेशा उंचीवाचून केलेले ते वळण अनेकांचे शेवटचे ठरले आहे. समोर जे असेल त्यात उतरा, असे शिक्षक घोकून घेतात ते यासाठी.

शेत निवडणे ही तर आपल्या ओळखीची विद्या. वरून हिरवा गालिचा दिसतो तो ऊस असू शकतो, आणि उभ्या उसात उतरणे म्हणजे भिंतीत शिरणे. नांगरलेल्या रानात उतरावेच लागले तर तासांच्या दिशेने, आडवे नव्हे. पावसानंतरची काळी जमीन चाक धरून ठेवते आणि विमान उताणे करते. रस्ता आकर्षक दिसतो, पण रस्त्याच्या कडेने तारा असतात. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, म्हणून खांब शोधावयाचे. वारा कोठून आहे ते चुलीचा धूर किंवा देवळाचा झेंडा सांगतो. वाऱ्याला तोंड देऊनच उतरावयाचे, कारण आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. जमिनीवरचा वेग ताशी ७० ऐवजी ५० मैल झाला की जिरवावयाची शक्ती निम्मी होते. एवढा वेग अंगावर असलेले विमान पिकात पन्नास-शंभर पावले घसरत जाऊन थांबले तर पंख मोडतील, चाके मोडतील, आतली माणसे बहुधा दार उघडून बाहेर येतील. रिकाम्या टाकीचा एक उपयोग येथे आहे, आगीचे भय कमी. पण हा फायदा म्हणून कोणी मोजू नये.

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एक प्रशिक्षणाचे सेस्ना १५२ शेतात कोसळत उतरले. आत एकटी शिकाऊ मुलगी होती. विमानाची मोडतोड झाली, तिला किरकोळ जखमा झाल्या. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत उताणे पडलेले विमान आणि भोवतीची गर्दी दिसत होती. त्या प्रसंगाच्या कारणांत मी शिरत नाही. मुलगी स्वतःच्या पायांनी घरी गेली, हे मला पुरे आहे.

परंतु शेतात उतरण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि मला वकिली करावयाची आहे ती त्याची. इंजिन चालू असताना, टाकीत पेट्रोल असताना, 'आता पुढे जाणे बरे नव्हे' असे ठरवून उतरणे. यात वेळ हाताशी असतो. शेतावरून एकदा खालून फिरून दगड, बांध, गुरे, तारा पाहता येतात. जागा पसंत पडली नाही तर पुन्हा वर जाता येते. ब्रिटिश पद्धतीच्या शिक्षणक्रमात याचा निराळा धडाच आहे. हेलिकॉप्टरवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही अलीकडे अशीच मोहीम चालविली: उतरा आणि जगा. तरी प्रत्यक्षात हा धडा फारसा कोणी वापरीत नाही. इंजिन बंद पडून उसात शिरलेला वैमानिक वीर ठरतो, वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते. पेट्रोल शिल्लक असताना माळावर अलगद उतरलेल्याला मात्र कारणे दाखवा नोटीस मिळते: परवानगी कोणाची, पंचनामा का झाला, विमान परत आणण्याचा खर्च कोणाच्या नावे टाकावयाचा. पहिल्याने चूक केली होती आणि दुसऱ्याने केली नव्हती, याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना यात करता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. इंधनासाठी वाटेत दुसरीकडे उतरलेल्या विद्यार्थ्याकडून त्या जादा वेळाचे पैसे घेऊ नयेत. कर्ज काढून आलेल्या मुलाच्या मनात वर असताना तो आकडा फिरता कामा नये. माघारी फिरणारे आणि मधेच उतरणारे यांची एक वही ठेवावी, शिक्षेची नव्हे, वाचावयाची. नव्या तुकडीला ती पहिल्या आठवड्यात वाचावयास द्यावी. आणि तिच्यात पहिली नोंद मुख्य शिक्षकाने स्वतःच्या हाताने, तारीख आणि शिल्लक पेट्रोल लिहून, आपल्याच एखाद्या दिवसाची करावी.